भरली की सुटणार

मित्रमैत्रिणींबरोबर, थोडक्या पैशांत, मिळेल त्या बसने आणि भरेल त्या गाडीने कसं फिरावं, याबद्दल गेल्या महिन्यात प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांतली सहा इथे घेते आहे. पत्रं थोडी कापली आहेत आणि नावं मुद्दाम गाळली आहेत.

प्रश्न : ताई, आम्ही पाच जण पंधरा दिवसांसाठी निघतोय. पाठीवर एकेक सॅक, आणि प्रवास फक्त सार्वजनिक वाहनांनी. आमच्यातल्या एकाने पंधराही दिवसांचा तासातासाचा तक्ता केलाय, फोटो सोबत पाठवते. बाकीचे म्हणतात, असल्या गाड्यांचा तक्ता करून काय उपयोग, काहीच ठरवू नये. तुम्ही कोणाच्या बाजूने?

उत्तर : तक्ता करणाऱ्याला आधी माझा नमस्कार सांग. असं एक तरी माणूस असतं म्हणून सहल गप्पांतून बाहेर पडून रस्त्याला लागते. पण त्याचा चौथा दिवस बघून मी थबकले. त्या दिवशी तीन ठिकाणी गाडी बदलायची आहे आणि प्रत्येक बदलाला वीस मिनिटं ठेवली आहेत. धरून चालू की पुढची गाडी पाचातल्या चार वेळा हाती लागते. तरी तिन्ही बदल जुळायचे तर ०.८ ला ०.८ ने आणि परत ०.८ ने गुणायचं, उत्तर येतं ०.५१. म्हणजे जवळजवळ निम्म्या वेळा तुम्ही पाच जण संध्याकाळी भलत्याच स्टँडवर उभे असाल, आणि ज्याने कष्टाने तक्ता केला त्याच्यावरच बाकीचे चिडलेले असतील.

गाड्या अशा का वागतात हे एकदा समजून घेतलं की चिडचिड बरीच निवते. एखाद्या बसला जरा उशीर झाला की पुढच्या थांब्यावर तिच्यासाठी जास्त माणसं जमलेली असतात. ती चढेपर्यंत आणखी उशीर, त्यापुढच्या थांब्यावर आणखी माणसं. तिच्या मागच्या बसला मात्र थांबे रिकामे सापडतात, म्हणून ती भराभर येऊन पुढचीला गाठते. तासभर काही नाही आणि मग दोन बसेस एकदम, हे त्यातूनच होतं. त्यामुळे खच्चून भरलेली बस आली तर धावत सुटण्याआधी मान वळवून तिच्या मागे बघा. पुष्कळदा रिकामी बस तिच्या पाठोपाठ येत असते.

वाट पाहण्याचंही एक गणित आहे, ते तक्त्यात धरलेलं नाही. ‘दर दहा मिनिटांनी बस’ असं लिहिलेलं असलं की आपण सरासरी पाच मिनिटं थांबावं लागेल असं समजतो. पण त्याच बसेस एकदा पाच मिनिटांनी आणि एकदा पंधरा मिनिटांनी येत असतील तर सरासरी थांबणं सव्वासहा मिनिटं होतं, कारण आपण थांब्यावर पोचतो ते लांबच्या खंडात पोचण्याची शक्यता जास्त. बसेस अगदीच कशाही येत असतील तर थांबणं पूर्ण दहा मिनिटांवर जातं. जिथे दिवसाला चारच गाड्या आहेत तिथे हे मिनिटांचं राहत नाही, तासांचं होतं.

आता ‘काहीच ठरवू नये’ म्हणणाऱ्यांकडे वळते. तेही मी करून पाहिलं आहे, आणि त्यात सगळ्या सकाळी गेल्या. पाच माणसांत दोघादोघांच्या दहा जोड्या होतात. आज कुठे जायचं हा प्रश्न रोज दहा जोड्यांतून फिरून येतो, आणि तोवर सकाळची गाडी गेलेली असते. म्हणून मी थोडंच ठरवते, पण ते पक्कं ठरवते. पहिल्या रात्रीचा मुक्काम, शेवटच्या दोन रात्री आणि परतीचं तिकीट. दिवसाला एकच मोठी हालचाल. दर चौथा दिवस कोरा, जो मागच्या तीन दिवसांचा घोळ पोटात घेईल. आणि निघायचं ते दिवसाच्या पहिल्या गाडीने. ती गाडी बहुधा रात्रभर तिथेच उभी असते, दिवसभराचा उशीर तिच्यावर साचलेला नसतो, आणि चुकलीच तर मागे दुसरी असते. शेवटच्या गाडीवर कधीही भिस्त ठेवू नका.

एक मोठा प्रकार तुमच्या तक्त्यात मुळीच नाही. जगात कितीतरी ठिकाणी गाडी घड्याळावर सुटतच नाही, ती भरली की सुटते. तुर्की भाषेत अशा गाडीला ‘दोलमुश’ म्हणतात, त्या शब्दाचा अर्थच ‘भरलेली’. जॉर्जिया देशातल्या मार्श्रुत्का, म्हणजे तिथल्या मिनीबसेस, अशाच. तिबिलिसीच्या दिदुबे स्थानकावर आम्ही डोंगराकडे जाणाऱ्या एका मार्श्रुत्कात बसलो आणि चालकाला खुणेने विचारलं, कधी? तो म्हणाला, आत्ता. अर्ध्या तासाने पुन्हा विचारलं, पुन्हा आत्ता. शेजारी बसलेल्या आजींनी माझा हात दाबला आणि चार बोटं दाखवली. चार जागा भरायच्या होत्या. तेव्हापासून मी ‘कधी सुटणार’ असं विचारत नाही, ‘किती जण बाकी’ असं विचारते, आणि खरं उत्तर मिळतं. तुम्ही पाच जण आहात ही इथे मोठी ताकद आहे. पंधरा जागांच्या गाडीत दहा बसलेले असतील तर तुम्ही चढताच ती सुटते. आणि दोनच जागा अडून राहिल्या असतील, अंधार पडत आला असेल, तर बसलेल्यांनी मिळून त्या दोन जागांचे पैसे भरायची तयारी दाखवली की चालक पुष्कळदा निघतो.

तक्ता फाडू नका. त्यातल्या वेळा खोडा, ठिकाणं राहू द्या.

प्रश्न : आमची रात्रीची बस चुकली. तिकीट माझ्याकडे होतं आणि वेळ मीच वाचली होती. तेव्हापासून मित्र माझ्या हातात तिकीट देत नाहीत. चूक माझी आहे हे मान्य, पण पुढे काय करू?

उत्तर : तू वेळ लिहिलेली नाहीस, पण माझा अंदाज आहे की ती मध्यरात्रीनंतरची होती. १४ तारखेचे ००:२० म्हणजे १३ तारखेला रात्री जेवून निघायचं, १४ च्या रात्री नव्हे. ही चूक जाणत्या प्रवाशांकडूनही होते. अशा तिकिटावर पेनाने वार आणि ‘आदल्या रात्री’ असं लिहून ठेव.

घड्याळाचे याहून वेगळे पेचही आहेत. इथिओपियात, आणि स्वाहिली बोलणाऱ्या पूर्व आफ्रिकेत, तास सूर्योदयापासून मोजायची रीत आहे. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा पहिला तास. तोंडी ‘एक वाजता’ असं सांगितलं तर ते सकाळचे सात असू शकतात, म्हणून तिथे ‘सकाळी की दुपारी’ हे विचारून घ्यावंच लागतं. रशियाच्या रेल्वेत कित्येक वर्षं देशभरची तिकिटं मॉस्कोच्या वेळेने छापली जात, गाडी मॉस्कोपासून कितीही दूर असली तरी. १ ऑगस्ट २०१८ पासून तिथे स्थानिक वेळ आली.

मित्रांना एवढंच सांग की पुढच्या वेळी वेळ दोघांनी वाचायची, एकाने मोठ्याने आणि दुसऱ्याने मनात. एका माणसावर सोपवलं की चूक त्या एका माणसाची होते. ते मैत्रीत बरं नव्हे.

प्रश्न : फोनवर सगळे मार्ग, सगळ्या बसेस दिसतात. मग तुम्ही सारखं ‘लोकांना विचारा’ का सांगता? मला अनोळखी माणसांशी बोलायला अवघडतं.

उत्तर : अवघडणं मी समजू शकते, त्यावर पुढे येते. आधी फोनचं. नकाशावर बसच्या वेळा येतात कुठून? २००५ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराच्या वाहतूक संस्थेने आणि गूगलने मिळून वेळापत्रकं लिहायची एक ठरावीक पद्धत तयार केली, तिला जीटीएफएस म्हणतात. पुढे जगभरच्या वाहतूक संस्था त्याच पद्धतीने आपली माहिती देऊ लागल्या. म्हणजे ज्या बसला संस्था आहे, वेळापत्रक आहे आणि ते पाठवणारा कुणी आहे, ती बस फोनवर दिसते. जी गाडी भरली की सुटते, वाटेत हात दाखवला की थांबते, तिच्याबद्दल फोन गप्प असतो. गाडी नाही असा त्याचा अर्थ होत नाही.

केनियात नैरोबीच्या मटाटू, म्हणजे तिथल्या खाजगी मिनीबसेस, याचं चांगलं उदाहरण आहेत. शहरातली असंख्य माणसं रोज मटाटूने जातात, पण सगळ्या मार्गांचा एक नकाशा कुणाकडे नव्हता. तिथल्या आणि अमेरिकेतल्या विद्यापीठांतल्या लोकांनी फोन हातात घेऊन, प्रत्यक्ष मटाटूत बसून मार्ग नोंदवले आणि २०१४ मध्ये सगळ्या जाळ्याचा नकाशा काढला. शंभराहून जास्त मार्ग त्यात आहेत. तोवर ही माहिती होती ती माणसांच्या डोक्यात. दक्षिण आफ्रिकेत तर मिनीबस टॅक्सीला कुठे जायचं ते हाताच्या खुणेने दाखवतात. जोहान्सबर्गमध्ये तर्जनी वर केली की शहराच्या मध्यात जायचं आहे असं समजतात. पुढच्या सीटवर बसलेल्याने सगळ्यांचे पैसे गोळा करायचे आणि सुटे परत द्यायचे असा तिथला रिवाज. हे कळायला एकदा तरी कुणाला विचारावंच लागतं.

विचारायचं कसं, हे मात्र शिकावं लागतं. ‘ही बस अमक्या गावाला जाते ना?’ असं विचारू नको. समोरचं माणूस तुझं मन राखायला हो म्हणतं. ‘ही बस कुठे जाते?’ असं विचार आणि गावाचं नाव त्याच्या तोंडून येऊ दे. एका घोळक्याला विचारलं तर एकच उत्तर मिळतं, म्हणून तिघांना वेगवेगळं गाठायचं, आणि त्यातला एक त्या रस्त्यावर रोज उभा राहणारा असावा. बोलायचं अवघड वाटतं तर लिहून दाखव. मी रोज सकाळी मुक्कामाच्या जागी कुणाकडून तरी त्या दिवसाच्या गावाचं नाव तिथल्या लिपीत कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून घेते. तो कागद दाखवला की शब्द लागत नाही, आणि लोक आपणहून जागेवर नेऊन उभं करतात.

फोन टाकून दे असं मी म्हणत नाही. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, फोन उपग्रहांचे संदेश नुसते ऐकत असतो. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ मध्ये सुरू झालेला, लोकांनी मिळून बनवलेला नकाशा आहे. त्यातला हवा तो भाग आधी फोनवर उतरवून घेतला की नेटवर्क नसतानाही धावत्या बसमधला आपला ठिपका दिसत राहतो. उतरायचं ठिकाण जवळ आलं हे त्यावरून कळतं. बस पकडायला माणसं, उतरायला फोन, अशी माझी वाटणी आहे.

प्रश्न : ताई, गर्दीत आम्ही दोघं चढलो आणि दोघी खालीच राहिल्या. बस सुटली. आम्ही पुढच्या थांब्यावर उतरून परत आलो तर त्या तिथे नव्हत्या. तीन तास शोधाशोध, त्यानंतर जे बोलणं झालं ते आठवलं तरी नको वाटतं. आता आमचा चौघांचा ग्रुप शांत आहे. कोणीच काही लिहीत नाही.

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं, कारण हेच माझ्याबाबतीत घडलं आहे. आम्ही पाच जणी होतो. तिघी पुढच्या दाराने चढल्या, मी आणि एक मैत्रीण सामान घेऊन मागच्या दाराशी होतो, आणि दार लागलं. त्या तिघी पुढच्या थांब्यावर उतरून आमच्यासाठी उलट चालत निघाल्या. आम्ही त्यांच्यासाठी मागची बस पकडून पुढे निघालो. रस्त्यात आमची बस त्यांच्या शेजारून गेली असणार. फोनला नेटवर्क नव्हतं. संध्याकाळी मुक्कामाच्या जागी भेट झाली तेव्हा आम्ही आधी रडलो आणि मग भांडलो, आणि भांडताना प्रत्येक जण खरंच बोलत होती. दोन्ही बाजूंनी दुसऱ्यांच्या काळजीपोटीच पाऊल उचललं होतं.

तुमचंही तेच झालं. दोन्ही बाजू हलल्या म्हणून चुकामूक झाली. म्हणून आता आमचा नियम असा आहे की उलट दिशेला कुणीच यायचं नाही. जे चढले ते ठरलेल्या शेवटच्या ठिकाणापर्यंत जातात आणि उतरतात तिथेच थांबतात. जे राहिले ते मागच्या गाडीने येतात. मागची गाडी नसेलच तर काल जिथे मुक्काम होता तिथे परत जातात आणि तिथून निरोप धाडतात. कुठली जागा, हे रोज सकाळी मोठ्याने बोलायचं, सगळ्यांनी ऐकलंय ना हे बघायचं.

हा नियम चालायचा तर प्रत्येकाजवळ त्या दिवसापुरतं सगळं असावं लागतं. स्वतःचं ओळखपत्र किंवा पासपोर्ट, दोन तिकिटांचे आणि एका रात्रीचे पैसे, मुक्कामाचा पत्ता आणि सगळ्यांचे नंबर कागदावर. एकाच्या कमरेच्या पाकिटात सगळ्यांचे पासपोर्ट ठेवणं सोयीचं वाटतं, पण मग ते पाकीट सुटलं की चार जण अडकतात. चढतानाही क्रम असावा. सामान डिकीत किंवा टपावर जात असेल तर शेवटची सॅक चढेपर्यंत एकाने खाली थांबायचं, आणि त्याने मोजून सगळ्यात शेवटी चढायचं. पहिला चढणारा आत जाऊन जागा धरतो, त्याच्याकडे सामान द्यायचं नाही.

ग्रुपवर आधी तू लिही. कोण चुकलं ते लिहू नकोस. तुम्ही परत आलात ते त्यांच्यासाठी, त्या तिथून निघाल्या त्या तुमच्यासाठी, एवढंच लिही. आमच्यात हे वाक्य बोलायला कुणी तयार नव्हतं, म्हणून एक पूर्ण वर्ष वाया गेलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

प्रश्न : आमच्या चौघांत दोघं नोकरीला लागलेत, एकाला घरून मिळतात. मी अजून शिकतोय. मागच्या सहलीत बस चुकली की ते म्हणायचे, टॅक्सी करू, वाटून घेऊ. माझ्या वाटणीचे पैसे म्हणजे माझे दोन दिवस. मी काही बोललो नाही. शेवटी शेवटी मला भूक नाही असं सांगायचो. आता पुन्हा बोलावताहेत. नाही म्हणू का, ताई?

उत्तर : नाही म्हणू नकोस, आणि गप्पही राहू नकोस.

आमच्या तिसऱ्या सहलीत एक मैत्रीण अशीच ‘भूक नाही’ म्हणत होती. ‘चला, टॅक्सी करू’ असं म्हणणारी मी होते. तिने हे आम्हाला सांगितलं ते चार वर्षांनी. त्या वेळी मला जे वाटलं ते तुझ्या मित्रांना वाटू नये म्हणून हे उत्तर जरा सविस्तर लिहिते.

रस्त्याच्या कडेला, दमलेलं असताना, सगळ्यांसमोर ‘करायची का टॅक्सी?’ असं विचारणं हेच मुळात अन्यायाचं आहे. ज्याच्याकडे कमी आहे त्यालाच नकार द्यावा लागतो, आणि त्या नकारामुळे बाकीचे उभे राहणार हे त्याला दिसत असतं. तिथे खरं उत्तर येऊच शकत नाही. म्हणून हा प्रश्न निघण्याआधीच मिटवायचा. आमची रीत अशी. प्रत्येक जण एका चिठ्ठीवर आपण या सहलीवर जास्तीत जास्त किती खर्च करू शकतो तो आकडा लिहितो, नाव न घालता. चिठ्ठ्या उघडायच्या आणि सगळ्यात लहान आकडा हाच सगळ्यांचा आकडा. वाद नाही, सरासरी नाही. कुणाचा आहे ते विचारायचं नाही. तेवढ्यात पंधरा दिवस होत नसतील तर दहा करायचे. ज्याच्याकडे जास्त आहेत त्याने ते स्वतःपुरते, एकट्याच्या गोष्टींवर खुशाल खर्च करावेत. प्रवास आणि राहणं मात्र सगळ्यांचं एकच.

मग सगळ्यांनी सारखे पैसे सुरुवातीलाच एका सामायिक पाकिटात घालायचे. मागाहून वाटून घेण्यात कुणीतरी कुणाचं देणं लागत राहतं, आणि देणं लागणारा माणूस मोकळेपणाने हसत नाही. पाकिटातला पाचवा भाग पहिल्याच दिवशी वेगळा बांधून ठेवायचा, तो अडचणीच्या गाडीचा. अडचण म्हणजे काय, हेही तेव्हाच ठरवायचं. आमच्या तीनच आहेत. अंधार पडलाय आणि मुक्कामाची जागा दूर आहे. कुणी आजारी आहे. कुणी एकाने ‘मला इथे भीती वाटते’ असं म्हटलं आहे. यातलं काहीही असेल तर टॅक्सी करायची, पैसे त्या बांधलेल्या भागातून, कुणाला विचारायचं नाही. यातलं काही नसेल तर बसची वाट पाहायची, कंटाळा आला तरी. सहल संपली आणि बांधलेला भाग उरला तर सारखा वाटून परत.

तरीही काही खर्च कुणी आपल्या खिशातून केलेच, तर रोज हिशेब मांडत बसू नका. प्रत्येकाने एकूण किती घातले आणि त्याच्या वाट्याचे किती होते, यातला फरक शेवटी एकदाच काढायचा. चार माणसांचा कितीही गुंतलेला हिशेब जास्तीत जास्त तीन देवाणघेवाणीत मिटतो, पाच जणांचा चारांत.

राहण्याबद्दलही एक सांगते. होस्टेलच्या मोठ्या खोलीत एकेक खाट घ्यायला मित्र नाखूष असतील तर त्यांना ही हकीकत सांग. १९०९ मध्ये जर्मनीतले रिचर्ड शिर्मान नावाचे शिक्षक मुलांना घेऊन पायी फिरायला निघाले होते. वाटेत वादळाने गाठलं आणि त्यांनी सगळ्यांनी एका शाळेत रात्र काढली. तरुण मुलांना अशी स्वस्त, साधी निवाऱ्याची जागा गावोगावी हवी, हे त्यांना त्या रात्री सुचलं. होस्टेलं तिथून आली.

आजच मित्रांना लिही, ‘मला यायचं आहे. माझ्याकडे इतके पैसे आहेत. यात बसेल तशी सहल आखू या.’ आकडा खरा लिही. मागचं काही उकरू नकोस. ते तुला पुन्हा बोलावताहेत, म्हणजे त्यांना तू हवा आहेस.

प्रश्न : माझी मुलगी तीन मैत्रिणींबरोबर महिनाभर अशाच गाड्यांनी फिरणार आहे. तिला सॅक किती मोठी द्यावी, बस लागते त्याला काय करावं, आणि रात्रीच्या बसने जाऊ नको म्हणून सांगावं का? तिच्या सारखं मागे लागायचं नाही असं मी ठरवलं आहे, पण झोप लागत नाही.

उत्तर : सॅक चाळीस लिटरच्या वर नको. भरलेली सॅक मांडीवर घेऊन तासभर खुर्चीत बसता आलं पाहिजे, कारण गर्दीच्या गाडीत तिला जागा तिथेच मिळते. कमरेचा पट्टा असलेली घ्या, वजन खांद्यांवरून कमरेवर उतरतं.

बस लागणं हे डोळे आणि कान यांच्या न जुळण्यातून होतं. आतल्या कानाला हालचाल जाणवते आणि पुस्तकावर किंवा फोनवर खिळलेल्या डोळ्यांना ती दिसत नाही. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली, खिडकीजवळची जागा धरावी आणि दूर क्षितिजाकडे पाहावं. मागच्या चाकांच्याही मागे बसलं तर हिसके सगळ्यात जास्त बसतात. गोळी घ्यायची तर ती निघण्याआधी घ्यावी लागते, मळमळ सुरू झाल्यावर फारसा उपयोग नसतो. कोणती गोळी, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.

रात्रीच्या बसबद्दल तुमची काळजी रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार जगात दर वर्षी सुमारे ११ लाख ९० हजार माणसं रस्त्यावरच्या अपघातांत जातात. रात्रीच्या बसने एका मुक्कामाचे पैसे वाचतात, म्हणून मुलांना ती आवडते. मी स्वतः सपाट, रुंद रस्त्यावर ती घेते आणि घाटात घेत नाही. मुलीला ‘जाऊ नको’ असं सांगण्याऐवजी हा फरक सांगा, तो तिला पटेल. चालक पेंगतोय, फार वेगाने हाकतोय असं वाटलं तर पुढच्या दिव्याच्या, माणसांच्या थांब्यावर उतरायचं आणि तिकिटाचे पैसे गेले तर जाऊ द्यायचे, हे तुम्ही तिला स्वतः सांगा. पैसे वाया गेले म्हणून घरी कुणी बोलणार नाही, एवढी खात्री तिला निघण्याआधी हवी. आणि चार तासांहून जास्त बसावं लागलं तर मधूनमधून उठून पाय मोकळे करायला सांगा. इतका वेळ न हलता बसलं की शिरांत रक्ताची गुठळी होण्याची शक्यता साधारण दुप्पट होते, असं त्याच संघटनेने २००७ मध्ये सांगितलं होतं. निरोगी माणसात मुळात ती शक्यता फार थोडी असते, तेव्हा घाबरायचं कारण नाही.

आता तुमच्या झोपेचं. तिला दिवसभर ‘कुठे आहेस’ असं विचारू नका. अशा गाड्यांत तिलाही ते नीट सांगता येणार नाही, आणि उत्तर आलं नाही की तुमचा जीव टांगणीला लागेल. दिवसातून एकच निरोप ठरवा. मुक्कामाला पोचल्यावर त्या जागेचं नाव आणि उद्याच्या गावाचं नाव, एवढाच. गाड्या उशिरा येतात, नेटवर्क जातं, म्हणून रात्री निरोप आला नाही तर सकाळी दहापर्यंत थांबायचं, हेही दोघींनी मिळून ठरवा. दहा वाजले तर आधी कालच्या मुक्कामाच्या जागी फोन करायचा, मग तिच्याबरोबरच्या तिन्ही मैत्रिणींना. तिचा आणि तिन्ही मैत्रिणींचे, असे चारही नंबर कागदावर लिहून फोनजवळ ठेवा, आणि तो कागद तिच्याच हाताने लिहून घ्या.